तंबूच्या दारात विजेचा खांब

मीठ नसलेला समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. लाटा फुटत होत्या, पायाखालची वाळू सरकत होती, समोर आभाळ आणि पाणी यांखेरीज काही दिसत नव्हतं, आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं तर ते चक्क गोडं! मिशिगन सरोवर सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. गोव्यासारखी पंधरा राज्यं त्यात सहज मावतील. सर्वांत खोल जागी ते २८१ मीटर खोल आहे. पलीकडचा काठ दिसायचा प्रश्नच नाही. तिकडे विस्कॉन्सिन नावाचं दुसरं राज्य आहे.

या सरोवराच्या पूर्वेच्या काठावर वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत. हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे टाकलेली माती-वाळू आणि त्यावर हजारो वर्षं वाहिलेला वारा यांनी त्या रचल्या. एका ठिकाणी तर वाळूचा कडा पाण्यापासून सुमारे १४० मीटर उंच उभा आहे. काठावर उभं राहून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. या भागाचं नाव ‘स्लीपिंग बेअर ड्यून्स’, निजलेल्या अस्वलाच्या टेकड्या. इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांची कथा अशी, की पलीकडच्या काठावर वणवा पेटला तेव्हा एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन सरोवर पोहत निघाली. ती काठाला लागली, पिल्लं मात्र वाटेत दमून बुडाली. आई काठावर बसून वाट पाहत राहिली, तिची टेकडी झाली आणि पिल्लांची दोन बेटं झाली. उत्तर मॅनिटू आणि दक्षिण मॅनिटू ही ती बेटं काठावरून आजही दिसतात. ही कथा ऐकल्यावर त्या बेटांकडे नुसतं दृश्य म्हणून पाहता येईना. १९७० साली हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडे आला आणि बंगल्यांपासून, हॉटेलांपासून वाचला.

लेक-जावई डेट्रॉईटजवळ नोव्हीला राहतात. तिथून इथवर मोटारीनं चार-साडेचार तास लागतात. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते आणि आमचे व्याही-विहीणही आले होते. हॉटेलात उतरायचं नाही, तंबूत राहायचं, असं लेकीनं आधीच ठरवून टाकलं होतं. आमचे व्याही पंचाहत्तरीचे. मला त्यांची काळजी वाटली. ते मात्र म्हणाले, “विहीणबाई, वारीत राहुटीत झोपलोच ना आपण? चला.”

तंबूशी माझी ओळख खरोखरच वारीतली. दिंडीचा ट्रक पुढे जातो, मुक्कामाच्या गावी शेतात राहुट्या उभ्या राहतात, चिखल असला तर पाचट अंथरलं जातं, आणि शेकडो माणसं एकमेकांना लागून झोपतात. तिथं जागा कुणाची, याचा कुठं लेखी हिशेब नसतो. अमेरिकेतल्या तंबूच्या मुक्कामाला मात्र पत्ता असतो! लेकीनं कित्येक महिन्यांपूर्वीच सरकारी आरक्षण-व्यवस्थेवर जागेचा नंबर निवडून, पैसे भरून ठेवले होते. आम्ही प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंडला पोचलो, तेव्हा आमच्या नंबरचा खांब रस्त्याकडेला आमची वाट पाहत उभा होता.

झाडीतून एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फांद्यांसारख्या फुटलेल्या छोट्या जागा. प्रत्येक जागेत गाडी उभी करायला ठरलेला तुकडा, बाकांसह लाकडी टेबल आणि विस्तवासाठी जमिनीत बसवलेलं लोखंडी कडं. शेजारची जागा झाडांच्या पडद्याआड. ही रचना आपोआप झालेली नाही. १८६९ साली विल्यम मरे नावाच्या बोस्टनच्या एका धर्मोपदेशकानं न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरोंडॅक डोंगरांवर पुस्तक लिहिलं आणि त्याच उन्हाळ्यात शहरी माणसांचे लोंढे रानात राहायला निघाले. पुढं मोटारी आल्या. लोक वाटेल तिथं झाडाच्या बुंध्यापर्यंत गाड्या नेऊ लागले, मुळांवरची माती दाबली जाऊन मोठमोठी झाडं खंगू लागली. एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञानं हे ओळखलं आणि १९३२ साली उपाय सुचवला: रस्ता एकेरी वळणाचा करा, गाडीची जागा आखून द्या, टेबल आणि चूल एका जागी पक्की बसवा, म्हणजे माणसाचा वावर आपोआप मर्यादेत राहील. आज अमेरिकेतली बहुतेक सरकारी कॅम्पग्राउंडं याच विचारावर उभी आहेत. माणसांच्या सोयीची वाटणारी ही आखणी मुळात झाडांच्या मुळांसाठी झाली, हे कळल्यावर मला ती जागा फार आवडू लागली.

आमच्या जागेत आणखी एक वस्तू होती आणि तिनं मला थक्क केलं. कमरेएवढ्या उंचीचा राखाडी धातूचा खांब. झाकण उचललं तर आत तऱ्हेतऱ्हेची सॉकेट आणि त्यांची बटणं. रानात, चूल पेटवायची त्या जागेपासून चार पावलांवर वीज! जावयानं समजावून सांगितलं. साधं सॉकेट २० अँपिअरचं, घरातल्यासारखं. तिथल्या १२० व्होल्टच्या विजेवर ते २,४०० वॉटपर्यंत भार घेतं. त्याच्या शेजारचं ३० अँपिअरचं, लहान फिरत्या घरांसाठी. आणि मोठ्या घरांसाठी ५० अँपिअरचं, ज्यातून १२,००० वॉटपर्यंत वीज ओढता येते. आपल्याकडच्या साध्या फ्लॅटला मंजूर असतो त्याहून कितीतरी जास्त भार, एका रात्रीच्या मुक्कामाला!

हे कुणासाठी, ते संध्याकाळी दिसलं. तिथं ज्यांना आरव्ही म्हणतात ती चाकांवरची घरं एकामागून एक येऊ लागली. काही ट्रकमागे जोडलेली, काही स्वतःच बसएवढी आणि मागे छोटी मोटार ओढत आणणारी. गाडी थांबायची, चाकांखाली ठोकळे जायचे, एकजण पातळी पाहायचा, मग बटण दाबलं की घराची भिंत बाहेर सरकून खोली रुंद व्हायची. जाडजूड केबल खांबाला लागली की आत दिवे, फ्रीज, वातानुकूलन, सगळं सुरू. निवृत्तीनंतर घरदार विकून वर्षभर अशा गाडीत राहणारी जोडपी आहेत, हे ऐकून आमच्या विहीणबाई कितीतरी वेळ एका गाडीकडे पाहत उभ्या राहिल्या. गाडीच्या मालकिणीनं त्यांना हात धरून आत नेलं आणि स्वयंपाकाचा ओटा दाखवला.

या गाड्यांच्या मधोमध आमचे कापडी तंबू. मला प्रश्न पडणं साहजिक होतं: तंबूत राहायचं तर वीज कशाला? आणि वीज लागत असेल तर तंबू कशाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या व्याह्यांच्या बॅगेत होतं. त्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर पुनःपुन्हा होतं. त्यावर सीपॅप नावाचं यंत्र असतं. ते मुखवट्यातून मंद दाबानं हवा देत राहतं आणि घसा उघडा ठेवतं. १९८१ साली सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपायाची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये छापली. त्याआधी या आजाराच्या गंभीर रुग्णाला गळ्याला छिद्र पाडण्याखेरीज फारसा इलाज नव्हता. आता पुस्तकाएवढं यंत्र उशाशी ठेवून माणूस शांत झोपतो. व्याह्यांचं यंत्र १०० ते २४० व्होल्ट कुठल्याही विजेवर चालतं, नुसती पिन बदलावी लागते. पण वीज मात्र लागते, आणि रात्रभर लागते. लेकीनं विजेची जागा निवडली ती यासाठी. सासऱ्यांना घरी ठेवून आपण रान पाहायला जायचं, हे तिच्या मनाला पटणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गाडीतले आजोबा कॉफीचा मग घेऊन गप्पा मारायला आले. अमेरिकन माणूस कॅम्पग्राउंडवर शहरातल्यापेक्षा वेगळा असतो. तिथं अनोळखी माणूसही हात केल्याशिवाय पुढं जात नाही. हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी अगदी सभ्यपणे मनातलं विचारलं. त्यांच्या मित्राला या मुक्कामासाठी विजेची जागा मिळाली नव्हती. तो पलीकडच्या बिनविजेच्या भागात गाडी लावून होता आणि ठरलेल्या वेळातच जनरेटर चालवत होता. “तंबूवाल्यांना बिनविजेच्या जागा असतातच,” ते म्हणाले, “मग तुम्ही लोक या जागा का घेता?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मुद्दा खोटाही नव्हता. विजेच्या जागा मोजक्या असतात. तंबू कुठंही लागतो, मोठी गाडी कुठंही मावत नाही. तंबूवाल्यानं विजेची जागा घ्यायची, त्या खांबावर मोबाइल चार्ज करायचा, आणि पलीकडे कुणीतरी पेट्रोल जाळत जनरेटर लावायचा, तर त्यात त्या रानाचंही नुकसान आहे. जनरेटरच्या घरघरीनं दहा जागांवरच्या माणसांची आणि पाखरांची शांतता जाते.

जावयानं त्यांना आमच्या तंबूच्या दाराशी नेलं. आत उशाशी यंत्र होतं, नळी नीट गुंडाळून ठेवलेली. आजोबांनी ते पाहिलं आणि लगेच म्हणाले, “माझ्या बायकोकडेही हेच आहे.” मग व्याही आणि ते टेबलाशी बसले. मुखवटा नाकाचा बरा की तोंडावरचा, यावर दोघांचं इतकं जमलं की न्याहारी थंड झाली. पण आजोबांचा प्रश्न यंत्र दिसल्यानं संपत नाही. यंत्र नसतं तर? आम्ही नुसता पंखा आणि विजेची किटली लावायला ती जागा घेतली असती तर? हा प्रश्न माझ्या मनात राहिला, आणि त्यानंतर मी जिथं गेले तिथं त्याचं उत्तर शोधत गेले.

अमेरिकेतल्या उद्यानांनी याची उत्तरं वेगवेगळी दिली आहेत. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांवर कुणालाच वीज नाही. गाडीवाल्यांनी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी नेमून दिलेल्या तासांतच जनरेटर लावायचा. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मेदर कॅम्पग्राउंड बिनविजेचं आहे आणि गाड्यांसाठी विजेचं ट्रेलर व्हिलेज वेगळं आहे. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजला वीज, पाणी, सांडपाणी सगळं आहे, पण तिथं तंबूला मुळात परवानगीच नाही. तो भाग अस्वलांच्या वावराचा, म्हणून कापडी छताला मनाई. पक्क्या भिंतीचीच गाडी हवी. तिथं हा वाद उद्भवतच नाही.

मिशिगनच्या राज्य उद्यानांत मात्र गाठ वेगळी बसली आहे. तिथं ‘मॉडर्न’ म्हणजे वीज, फ्लशचे संडास आणि शॉवर असलेली कॅम्पग्राउंडं, आणि ‘रस्टिक’ म्हणजे खड्ड्याचे संडास आणि हातपंप असलेली. तान्ह्या बाळाची आई किंवा गुडघ्यांचं दुखणं असलेली बाई यांना वीज नको असते, पण गरम पाणी आणि बसायचा संडास हवा असतो. मग अशा कुटुंबाला तंबूसाठीही बहुतेक वेळा विजेचीच जागा घ्यावी लागते. खांबाचं झाकण मुक्काम संपेपर्यंत उघडलंही जात नाही. यात दोष तंबूवाल्याचा नाही. न्हाणीघर आणि वीज एकाच गाठोड्यात बांधून विकली, की ज्याला एक हवं त्याला दोन्ही घ्यावी लागतात.

म्हणून प्लॅट रिव्हरची आखणी मला सर्वांत शहाणी वाटली. एकाच कॅम्पग्राउंडमध्ये विजेच्या जागा आहेत, बिनविजेच्या आहेत आणि गाडी लांब ठेवून सामान हातानं वाहून न्यायच्याही आहेत. फ्लशचे संडास आणि शॉवर मात्र सगळ्यांनाच मिळतात. इथं वीज सोडली म्हणून अंघोळ सोडावी लागत नाही. असं असलं की प्रत्येकाला आपल्या गरजेपुरतंच मागता येतं, आणि मागायची लाजही वाटत नाही.

त्या भागातल्या माणसांना नियम पाळायची किती सवय आहे, तेही इथंच दिसलं. घरून लाकूडफाटा आणायचा नाही, हा तिथला कडक दंडक. आशियातून आलेली हिरव्या रंगाची एक कीड, एमराल्ड अ‍ॅश बोअरर, २००२ साली डेट्रॉईटच्या परिसरात सापडली आणि तिनं अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली. जळणाच्या लाकडातून ती दूरदूर पोचते. म्हणून जळण जिथं जाळायचं तिथलंच विकत घ्यायचं. एका मोळीचं आपल्याला काय, असं कुणी म्हणत नाही. जागा निवडतानाही हाच विचार लागू पडतो. आपल्या एकाच तंबूनं काय बिघडणार, असं शंभर जणांनी म्हटलं की खांब संपतात.

प्लॅट नदीवर दुपार घालवून (याच नदीत १९६६ साली मिशिगन राज्यानं कोहो सामन मासा आणून सोडला आणि सरोवराच्या मासेमारीचं चित्र बदललं) आम्ही पुढच्या मुक्कामाला उत्तरेकडे डी. एच. डे कॅम्पग्राउंडला गेलो. ग्लेन हेवन गावचे व्यापारी डेव्हिड हेन्री डे हे मिशिगनच्या राज्य उद्यान आयोगाचे पहिले अध्यक्ष. त्यांनी दिलेल्या जमिनीवर झालेल्या उद्यानाचं नाव हा मुक्काम आजही चालवतो. इथं विजेचा खांब नाही, शॉवर नाही. पाण्याचा नळ आहे, खड्ड्याचे संडास आहेत, दाट झाडी आहे आणि चालत गेलं की सरोवर.

व्याह्यांच्या यंत्राचं काय? जावयानं लिथियमची मोठी बॅटरी आणली होती, जेवणाच्या चार पुडांच्या डब्याएवढी. सीपॅपमधलं हवा ओली आणि कोमट करणारं भांडं बंद ठेवलं तर यंत्राला साधारण ३० ते ४० वॉट पुरतात. आठ तासांच्या झोपेला म्हणजे सुमारे ३०० वॉट-तास. ५०० वॉट-तासांची बॅटरी एक रात्र आरामात काढते. भांडं चालू ठेवलं की खर्च दुपटीवर जातो. पण ही सोय भारतातून नेता येत नाही. १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेऊ देत नाहीत. ती तिथंच विकत घ्यावी लागते किंवा कुणाकडून मागून आणावी लागते. परदेशातून आलेल्या आईवडिलांसाठी विजेची जागा किती मोलाची असते, ते यावरून कळेल.

त्या रात्री आम्ही सगळे वाळूवर जाऊन बसलो. वर आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत होती. व्याही म्हणाले, “लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हा असं आभाळ होतं.” विजेच्या भागात आम्हाला असं आभाळ दिसलं नव्हतं. तिथं गाड्यांच्या छपराखाली रंगीत दिव्यांच्या माळा होत्या, वातानुकूलन यंत्रांची घुमघुम होती. इथं पाण्याचा आवाज होता, आणि झाडीत कुठंतरी रॅकून आमच्या खाऊच्या वासानं फिरत होते. खाऊ अर्थातच गाडीत कुलुपात होता. वीज नसलेल्या जागेत काही कमी आहे, असं तिथं बसलेल्या कुणालाच वाटलं नाही. बिनविजेची जागा ही स्वस्तातली, कमी प्रतीची जागा, असा समज असेल तर तो मनातून काढून टाकावा. ज्याचं शरीर साथ देतं त्याच्यासाठी तीच रानातली खरी श्रीमंती आहे.

पण ‘खरा तंबूवाला वीज घेत नाही’ असं म्हणणारेही भेटतात, आणि त्यांचं मला अजिबात पटत नाही. कापडाचं छत ही काही परीक्षा नाही. मधुमेह असलेल्या माणसाला न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. बर्फाच्या पेटीत ते कधी फार गार होतं, कधी पुरेसं गार राहत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध काढायचं यंत्र चालवावं लागतं. कुणाची चाकाची खुर्ची विजेवर चालते. टेक्सासच्या उन्हाळ्यात लहान मुलाला पंख्याशिवाय झोपवणं क्रूरपणाचं आहे. या माणसांनी घरी बसावं की काय? राष्ट्रीय उद्यानं लोकांच्या पैशावर चालतात आणि सगळ्यांची असतात.

उलट बाजूनंही पाहायला हवं. गाडी आहे म्हणून वीज हवीच, हेही खरं नाही. आरव्हीत स्वतःची बॅटरी असते, पाण्याची टाकी असते, शेगडी आणि हीटर गॅसवर चालतात. पुष्कळ गाड्यांतला फ्रीजही गॅसवर चालतो. खांबाशिवाय कितीतरी दिवस राहणारे लोक तिथं आहेत आणि त्या राहण्याचा त्यांना अभिमान असतो. म्हणजे काही वेळा भली मोठी गाडी विजेशिवाय मजेत राहू शकते आणि कापडी तंबूतला म्हातारा राहू शकत नाही. मग छत पाहून न्याय कसा करायचा?

वारीनं मला याचं उत्तर कधीच शिकवलं होतं. मुक्कामाच्या गावी शाळेची एखादी कोरडी खोली मिळाली, तर आमच्या दिंडीत ती कुणाची, हे कुणाला सांगावं लागत नसे. म्हाताऱ्या, आजारी, लेकुरवाळ्या आत. तरणीताठी माणसं बाहेर राहुटीत. कुणी पैसे जास्त दिले, कुणाचं अंथरूण मोठं, हे पाहिलं जात नसे. अमेरिकेतली व्यवस्था आरक्षणाची आहे, त्यामुळे तिथं समोर माणूस दिसत नाही, नुसता मोकळा नंबर दिसतो. दिसत नसलेल्या त्या माणसाचा विचार निवडणाऱ्यालाच करावा लागतो.

म्हणून माझं मत असं बनलं आहे. शरीराची गरज असेल तर तंबूवाल्यानं विजेची जागा निःसंकोच घ्यावी आणि कुणालाही कारण सांगायची सक्ती वाटून घेऊ नये. बाकी सगळ्या जागा भरल्या असतील आणि एवढीच उरली असेल, तरीही घ्यावी. रिकामी जागा कुणाच्याच उपयोगाची नाही. शॉवरसाठी दुसरा मार्गच नसेल, तर तीही गरजच. पण बिनविजेची चांगली जागा मोकळी असताना, मोबाइल आणि दिव्यांच्या माळेसाठी खांब अडवू नये. मोबाइलला खिशातली छोटी बॅटरी पुरते.

आणि जे वीज घेतील त्यांनी ती जपून घ्यावी. केबल बाहेर वापरण्याजोगी, तीन पिनांची आणि जाड असावी. जोड जमिनीवर किंवा ओल्या गवतात पडू देऊ नये, तंबूच्या चेनमध्ये केबल चिमटू देऊ नये. खांबावरच्या साध्या सॉकेटला जमिनीकडे होणारी गळती ओळखून वीज तोडणारं संरक्षण असतं. सुमारे ५ मिलिअँपिअरची गळती झाली तरी ते बंद पडतं. ते वारंवार पडू लागलं तर हट्टानं पुन्हा चालू करत बसू नये. कुठंतरी ओल शिरली आहे, ती शोधावी. तंबूच्या कापडाजवळ विजेचा हीटर लावू नये. आणि गॅसचा किंवा कोळशाचा हीटर तंबूत कधीच, कुठल्याही थंडीत पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. थंडीला जाड स्लीपिंग बॅग आणि खाली चांगली गादी, हा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत सुरक्षित.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं आवर्जून सांगणं आहे. भारतातून आईवडील आले की त्यांना मॉल आणि देवळं दाखवता, तशी एक रात्र रानातही दाखवा. त्यांची औषधं, त्यांचं यंत्र, त्यांचे गुडघे यांचा विचार करून जागा निवडा. त्यांना विजेची गरज असेल तर ती जागा वेळेवर राखून ठेवा, कारण उन्हाळ्यात अशा जागा कित्येक महिने आधी भरतात. गरज नसेल तर तो खांब दुसऱ्या कुणासाठी सोडा आणि आईवडिलांना आकाशगंगेखाली न्या.